संशोधनासाठीही वर्गणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या जानेवारीत मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटरचे पूर्ण अंतर धावण्याची तयारी मी रत्नागिरीत करीत आहे आणि त्यानिमित्ताने कर्करोगावरील संशोधनासाठी लोकांकडे निधी मागत आहे. ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आणि पुढे जिभेच्या कर्करोगातून बरी झाले. निधी मागायला गेले की बहुतेक जण आपुलकीने एकच गोष्ट विचारतात : ‘‘बाई, हे पैसे एखाद्या गरीब पेशंटच्या ऑपरेशनला का देत नाही? संशोधनाचे काय ते सरकार बघेल, औषध कंपन्या बघतील.’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दारोदार देत बसण्यापेक्षा आपल्या वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. कर्करोगाचे निदान झाले तेव्हा मानेत हाताला गाठ लागत नव्हती. तरीही सर्जनने जिभेच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढल्या आणि पुढे पॅथॉलॉजीच्या अहवालात त्यांपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी निघाल्या. अशा रुग्णाच्या मानेतील ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ हाताला लागेपर्यंत वाट पाहावी, याबद्दल जगभरच्या शल्यचिकित्सकांत अनेक दशके मतभेद होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून याचा अभ्यास केला. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या होत्या त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. माझी शस्त्रक्रिया या निष्कर्षांनंतरची आहे. ज्यांच्या वाट्याला वाट पाहणारा गट आला आणि जे वाचले नाहीत, त्यांच्या कुटुंबीयांना मी ओळखत नाही. पण त्यांच्यामुळे माझ्या मानेचा निर्णय अंदाजावर सोडला गेला नाही, हे मी विसरू शकत नाही.

या अभ्यासातून ना नवे औषध निघाले ना नवे यंत्र. म्हणजे विकण्यासारखे त्यात काहीच नव्हते, आणि माझे म्हणणे नेमके येथेच आहे. औषध कंपनी संशोधन करते ते तिच्या औषधाला बाजार मिळावा म्हणून. त्यात गैर काही नाही. त्यातूनही अनेक जीव वाचतात. परंतु कमी औषधात भागेल का, जुन्या स्वस्त गोळ्या पुरतील का, शस्त्रक्रिया कोणत्या टप्प्यावर करावी, असे प्रश्न विचारण्यात कोणाचाच आर्थिक फायदा नसतो. नेमके हेच प्रश्न कोकणातल्या माणसाच्या आवाक्यातले उपचार ठरवतात.

याचे एक ठळक उदाहरण आहे. निव्होलुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम अशा नेहमीच्या मात्रेत द्यायचे, तर त्याचा खर्च आपल्याकडील बहुतेक कुटुंबांना पेलवत नाही. टाटा स्मारकच्याच डॉक्टरांनी डोके व मानेचा कर्करोग बळावलेल्या, बरे होण्याची आशा उरली नव्हती अशा रुग्णांना तेथे एरवी दिल्या जाणाऱ्या कमी मात्रेच्या गोळ्यांच्या जोडीला हे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी एका वर्षाने सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, तर इंजेक्शनची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. एका वेळच्या औषधाच्या बाराव्या हिश्शात काय साधते, हे तपासण्याची घाई ते औषध विकणाऱ्याला कशी असेल? ती ज्यांना परवडत नाही त्यांनाच असणार.

माझ्या नोकरीत मी मशेरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडातले पांढरे चट्टे पाहिले आहेत आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पार पसरल्यावर दवाखान्यात आणलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. म्हणून मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाचे मला विशेष मोल वाटते. सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. ही तपासणी आमच्यासारख्यांच्या हाताने होऊ शकते, याचा पुरावा त्या अभ्यासाने दिला.

धावून निधी जमवण्याची वाट दाखवली ती कॅनडाच्या टेरी फॉक्सने. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गमावलेला हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसात पोहोचल्यावर त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. प्रत्येक देशवासीयाकडे त्याने एक डॉलर मागितला, आणि तोही संशोधनासाठी. त्याच्या हयातीतच तेवढी रक्कम जमली. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. संगमेश्वरला तर पैसा फंडाच्या नावाची शाळाच आहे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो वा शाळेची खोली, मुंबईकर चाकरमानी आणि ग्रामस्थ मंडळे वर्गणी काढतात, पावती फाडतात आणि वार्षिक सभेत हिशेबही मांडतात. त्या यादीत संशोधनाची एक ओळ वाढावी, एवढीच माझी मागणी आहे. उपचारांची मदत कमी करून ती वाढवावी, असे मी मुळीच म्हणत नाही. परळला जाण्यासाठी तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरणाऱ्या रुग्णाच्या हातात पैसे नसतात, हे मी जवळून पाहिले आहे.

डॉक्टरांच्या परवानगीनेच मी धावते. रेडिएशनने लाळ जवळपास आटली असल्यामुळे भाट्ये पूल ओलांडेपर्यंतच जीभ टाळूला चिकटू लागते आणि बाटली हातात धरून सतत ओठ ओले करण्यापुरता घोट घ्यावा लागतो. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर डावा खांदा उतरला असून तो हात मोकळेपणी हलत नाही, त्यामुळे पावसकडे जाताना चढावर चाल मंदावते. सहानुभूतीसाठी मी हे सांगत नाही. लाळग्रंथी वाचवून रेडिएशन कसे द्यावे, खांद्याची नस कशी राखावी, कोणाच्या मानेला हात लावण्याची गरजच नाही, हे सारे संशोधनाचेच विषय आहेत, आणि बरे झालेल्या माणसाचे पुढचे जगणे त्यांवर अवलंबून असते.

कृपया कोणीही माझ्याकडे रक्कम देऊ नये. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या सार्वजनिक संस्थेला ती थेट पाठवावी, संशोधनासाठी असल्याचे सोबत लेखी कळवावे आणि पावती घ्यावी. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, पण जे स्वतः किंवा ज्यांच्या घरचे कोणी अशा एखाद्या अभ्यासात सहभागी आहेत, त्यांना वेगळी विनंती आहे. बरे वाटू लागले, भाताची कापणी आली, गाडीचे तिकीट मिळाले नाही, अशा कारणांनी आपल्याकडे फेरतपासणीच्या तारखा चुकतात. पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे हे संस्थेला कळलेच नाही, तर त्याने अभ्यासाला दिलेला वेळ आणि सोसलेला त्रास बराचसा वाया जातो. येणे जमत नसेल तर निदान फोन करून प्रकृतीची खबर द्यावी, आणि मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही केस पेपरवर नोंदवून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, रत्नागिरी