पोटीफरच्या बायकोची जुलेखा

महोदय,

फारसी काव्य म्हटले की आपल्याला शराब आणि गुलाबच आठवतात. फारसी कवी जामीने १४८३ मध्ये रचलेले ‘यूसुफ व जुलेखा’ मात्र दुर्लक्षित राहते, याची खंत वाटते. जुलेखा म्हणजे यूसुफला (बायबलमधल्या योसेफला) गुलाम म्हणून विकत घेणाऱ्या पोटीफर या मिसरी अधिकाऱ्याची बायको; ती यूसुफला मोहात पाडू पाहते. बायबलमध्ये तिला नावही नाही. कुराणातही ती फक्त अझीझची, म्हणजे त्याच अधिकाऱ्याची, पत्नी. जामी मात्र तिला यूसुफची स्वप्ने पाडतो, विरहात म्हातारी, आंधळी करतो, आणि अखेर दृष्टी, तारुण्य आणि यूसुफशी लग्नही देतो. पापिणीची प्रेमयोगिनी झाली! एका हातात सुरी, दुसऱ्यात महाळुंग घेतलेल्या बायका यूसुफला पाहून स्वतःचेच हात कापून घेतात, तो प्रसंग ज्यू दंतकथांतही आहे. फारसी जाणणाऱ्यांनी हे काव्य मराठी वाचकांपुढे मुळातून उलगडावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा