लसणाच्या फोडणीसाठी, आणि बाकी सगळ्यासाठी

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

परवाच्या फेरीत तुम्ही म्हणालात, "आता तुम्हाला माझी गरज नाही, काही वाटलं तर फोन करा." तेव्हा समोर बसून काही बोलणं जमलं नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर, कारण आयबीएसने, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोटदुखी, गॅस, जुलाब अशा आतड्याच्या जुनाट त्रासाने, हैराण झालेली माणसं ठाण्यात काही कमी नाहीत.

आहाराच्या सल्ल्यासाठी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याकडे रिपोर्टांची जाडजूड फाइल होती. रक्त, शौच, सोनोग्राफी, शेवटी कोलोनोस्कोपीसुद्धा. सगळं नॉर्मल. पोटाच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं, गोळ्या चालू होत्या, पण रिपोर्ट चांगले आल्यावर घरीदारी एकच ऐकू यायचं : टेन्शन घेऊ नकोस. तुम्ही आधी नीट चौकशी केलीत. शौचातून रक्त जातं का, वजन उगाच घटलंय का, जुलाबाने रात्री झोपमोड होते का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. यातलं काहीही असतं तर पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं असतं, हेही सांगितलंत. मग म्हणालात, "दुखतंय ते खरंच दुखतंय." आतड्याला जखम नसते, पण तिथल्या नसा फार हळव्या झालेल्या असतात, इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसने यांना कळ येते. ताणाने त्रास वाढतो, कारण मेंदू आणि आतडं यांचं दोन्ही बाजूंनी दळणवळण चालू असतं. वाढतो, पण म्हणून तो मनाचा खेळ नव्हे. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या कानावर हे तुमच्या तोंडून गेलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

नंतरचा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता : "ऑफिसला कशा जाता?"

कोपरीहून ठाणे स्टेशन, तिथून पनवेल लोकलने बेलापूर. लोकलमध्ये संडास नसतो. रबाळ्याला कळ आली तर घणसोलीला उतरायचं, स्टेशनवरचं स्वच्छतागृह गाठायचं, ते उघडं असेल अशी आशा करायची. बाहेर येईपर्यंत पुढची गाडी वाशीचीच निघायची, ती बेलापूरला जात नाही. मस्टरवर लेटमार्क. त्या भीतीने मी सकाळी पाणीसुद्धा न पिता निघायचे आणि ऑफिसात पोचल्यावर रिकाम्या पोटी कडक चहा. तुम्ही हे सगळं शांतपणे लिहून घेतलंत. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, हे सगळ्यांचंच होतं. मग ते घरीच होऊ दे ना, म्हणालात. लवकर उठून घरी नाश्ता, त्यानंतर अर्धा तास मोकळा, तेव्हा कुणीही हाक मारायची नाही. सासूबाईंनी हा नियम मुलांकडूनही पाळून घेतला. माझ्या सकाळी पहिल्यांदा सुधारल्या त्या यामुळे.

आणि मग स्वयंपाकघर. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेला लो फॉडमॅप आहार, म्हणजे नीट न पचता आतड्यात गॅस करणाऱ्या काही साखरा कमी असलेला आहार, मी मोबाइलवर वाचला होता, पण त्या यादीत आमच्या घरात कधी न आलेल्या भाज्या होत्या आणि कांदा-लसूण मसाल्याचं काय करायचं ते कुठेच नव्हतं. तुम्ही सासूबाईंनाच विचारलंत, वाटणात काय काय घालता? मग दोघी अशा रमलात की मी नुसती ऐकत होते. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात. काजूच्या जागी शेंगदाण्याचं कूट. गव्हाच्या पोळीऐवजी काही दिवस तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी. राजमा, छोले बंद. मुगाची डाळ भिजवून, पाणी फेकून, थोडीशी.

लसणावर सासूबाई अडल्या होत्या. लसणाशिवाय आमटी ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तेव्हा तुम्ही सांगितलंत की लसणातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. पाकळ्या तेलात मंद तळायच्या, वास सुटला की झाऱ्याने एकूण एक काढून घ्यायच्या आणि मगच त्या तेलात मोहरी, हिंग घालून डाळ सोडायची. पाकळ्या आमटीत पडल्या तर उपयोग नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी बाजूला काढलेल्या पाकळ्या वाटीत ठेवल्या, त्या ह्यांनी भाताबरोबर खाल्ल्या आणि आमटी सगळ्यांनी एकच खाल्ली. माझं वेगळं पातेलं चढलं नाही. ज्या घरात आजाऱ्याचं जेवण वेगळं शिजतं तिथे आजारी बाईला काय वाटतं, हे तुम्हाला न सांगता कळलं होतं.

तुमची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा आहार कायमचा नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणायचा, वहीत लिहायचं. उगाच सगळं सोडून बसलं तर पोषण कमी पडतं आणि माणूस जेवायलाच घाबरतो, असं तुम्ही म्हणालात. मी ओळखीत असं झालेलं पाहिलं आहे, म्हणून सांगते, पेशंटच्या ताटात पदार्थ परत वाढणारा सल्लागार भेटायला नशीब लागतं.

दही परत आलं आहे. पोळी आली, दुपारी दोन चालतात. हापूसची एखादी फोड चालते, अख्खा आंबा नाही. कच्चा कांदा अजून नाहीच. मधूनच वाईट दिवस येतो, परवा ऑडिटच्या आठवड्यात आला होता, पण आता काय करायचं ते ठाऊक असतं.

ऑफिसातल्या एका मुलीला तुमचा नंबर दिला आहे. ती दिव्याहून येते, तिचा प्रवास माझ्याहून कठीण आहे. तिला वेळ द्याल ना? आणि सासूबाईंचा निरोप आहे की एका रविवारी आमटी-भात खायला यायचंच.

तुमची,
कोपरीची पेशंट