हमिंगबर्डचे पाकीट आणि कोल्हापूरचा शिंजीर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला, की बियाणांच्या दुकानांत भेंडी-दोडक्याच्या बियांशेजारी रंगीत फुलांची पाकिटे टांगलेली दिसू लागतात. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस शहरातील अशाच एका दुकानातून मी एक पाकीट घेतले. त्यावर फुलपाखरे आणि हमिंगबर्ड यांना बोलावणारी फुले, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता आणि लाल फुलापुढे हवेत थांबलेल्या हिरव्या पक्ष्याचे चित्र होते. हा पक्षी आपल्याकडे येतो का, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “बी एक नंबर हाय सर, पाखराचं काय म्हाईत न्हाई बघा.” उत्तर प्रामाणिक होते. त्यात जे राहून गेले, त्यासाठी हा पत्रप्रपंच.

हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडातला पक्षी आहे. त्याच्या तीनशेहून अधिक जाती असल्या तरी त्यांतली एकही भारतात आढळत नाही, त्यामुळे राजारामपुरीत काय किंवा फुलेवाडीत काय, कितीही फुले लावली तरी तो येणार नाही. आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘कोल्हापुरात हमिंगबर्ड’ म्हणून एक चित्रफीत फिरली होती, तिच्यात संध्याकाळी सदाफुलीच्या फुलांपुढे पंख फडफडवत एका जागी तरंगणारा जीव दिसत होता. पण चित्रफीत थांबवून पाहिली असता त्याच्या डोक्यावर दोन मिशा आणि चोचीच्या जागी लांब सोंड स्पष्ट दिसली. तो हॉक मॉथ जातीचा पतंग होता. मी तसे गटावर लिहिले, तेव्हा काही जणांचा हिरमोड झाला, याचे मला अजून वाईट वाटते.

हमिंगबर्डचे काम आपल्याकडे शिंजीर करतो. या दोन पक्ष्यांचे जवळचे नाते नाही. फुलातला मध पिण्यासाठी दोघांनाही बारीक, लांब चोच लाभली, एवढेच त्यांच्यातले साम्य. हमिंगबर्ड हवेत थांबून मध पितो, तर शिंजीर बहुधा फांदीला किंवा देठालाच धरून बसतो, म्हणून त्याच्यासाठी लावलेल्या झाडाला त्याचे हलके वजन पेलेल इतपत तरी काडी हवी. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलात तोंडाकडून शिरण्याऐवजी तो पुष्कळदा बुडाशी भोक पाडून मध चोरतो, हे ज्यांच्या दारात जास्वंद आहे त्यांनी पाहिले असेल. बियांपासून वाढवता येणाऱ्या फुलांत त्याला लाल साल्व्हिया आवडतो. हे झाड मूळचे ब्राझीलचे, तिथल्या हमिंगबर्डसाठी घडलेले. पाकिटावरचे चित्र तेवढ्यापुरते खरे म्हणायचे.

पेरणीबाबत माझी जी फजिती झाली ती सांगितली पाहिजे. मृगाचा मुहूर्त साधून मी सगळे बी उघड्या वाफ्यात टाकले. झिनिया पाच दिवसांत उगवला, परंतु पुढच्या आठवड्यात जी झड लागली तिच्यात रोपांचे देठ मातीलगत काळे पडून ती एकामागून एक आडवी झाली, आणि साल्व्हियाचे बारीक बी तर पाण्याबरोबर गटारात गेले असावे. कोल्हापूरच्या जून-जुलैच्या पावसात नाजूक बी उघड्यावर पेरणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही मला कळायला साठी ओलांडावी लागली. गणपती विसर्जनानंतर मी माती, वाळू आणि चाळलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून फळांच्या पसरट क्रेटमध्ये भरले आणि पत्र्याच्या छपरीखाली पुन्हा पेरणी केली. झिनियाचे बी अर्धा सेंटिमीटर खोल घातले. साल्व्हियाचे मात्र मातीवर नुसते दाबून ठेवले, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. रोपांना चार-सहा पाने आल्यावर ती वाफ्यात हलवली, वीतभर झाल्यावर शेंडे खुडले, आणि पेरणीपासून सुमारे दोन महिन्यांनी झिनिया फुलला. बी घेताना एकेरी पाकळ्यांच्या जातीचे घ्यावे. भरगच्च झेंडू किंवा झिनिया देवाला आणि तोरणाला शोभतो, पण मध्यभागी मधाची जी बारीक फुले असतात त्यांच्या जागीही पाकळ्याच आल्यामुळे फुलपाखराला तिथे फारसे काही मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. फुलांवर येते ते मोठे झालेले फुलपाखरू, आणि ते दुसरीकडे कुठेतरी पाने खाऊन मोठे झालेले असते. फुले म्हणजे त्याची खाणावळ, पाळणाघर वेगळेच. प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे आपले राज्य देशात पहिले ठरले, त्या ब्लू मॉरमॉनची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. रुईवर नारिंगी पंखांचे प्लेन टायगर वाढते, बहाव्यावर पांढरट-पिवळे एमिग्रंट, तर पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्यावर गवतातून उडणारी लहान पिवळी फुलपाखरे. यांतले काहीही रंगीत पाकिटात मिळत नाही.

माझ्या कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर ऑक्टोबरात पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे पाच-सहा काळे-पांढरे ठिपके दिसले. पुसायला गेलो तर त्यांतला एक हलला. आठवडाभरात त्या अळ्या हिरव्यागार झाल्या आणि बोट लावताच एकीने डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडला. रोपाची निम्मी पाने गेली. सौभाग्यवतींनी मला चार शब्द सुनावले आणि मग रोज सकाळी चष्मा लावून अळ्या मोजू लागल्या. महिनाअखेरीस त्यांतली तीन फुलपाखरे उडाली आणि लिंबाला नवी पालवी फुटली. त्या वेळी ‘निंबोळी अर्क नैसर्गिकच आहे’ म्हणून फवारला असता, तर त्याने अळ्याही मारल्या असत्या. शिंजीर स्वतः मध पीत असला तरी पिलांना कोळी आणि किडेच भरवतो, तेव्हा फवारणीचा फटका त्यालाही बसतोच. होळीच्या सुमारास आमच्या कपड्यांच्या तारेच्या टोकाला त्याने कोळिष्टकांनी विणलेले, दारावर लहानशी पडवी असलेले घरटे टांगले. महिनाभर तारेची ती बाजू आम्ही वापरली नाही.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. अलीकडे सहलींत आणि वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत डोंगरावर फुलांच्या बिया किंवा बीजगोळे टाकण्याची पद्धत पडली आहे. झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही मूळची मेक्सिकोकडची झाडे कुंडीत आणि वाफ्यात शोभतात. परंतु पिवळ्या कॉसमॉसने पुण्याच्या टेकड्या कशा व्यापल्या आहेत ते पाहता, पन्हाळा-जोतिबाच्या उतारांवर आणि मसाई पठारावर त्याचे एकही बी पडू नये. शोभेचे झाड म्हणून आणलेल्या घाणेरीवर फुलपाखरे आजही तुटून पडतात, म्हणून तिने सह्याद्रीत केलेले नुकसान कमी होत नाही. पठारावर सोनकी आणि तेरडा आपापल्या वेळी उगवतातच, त्यांना आपल्या मदतीची गरज नाही.

आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या करतो. सार्वजनिक बागांची देखभाल करणाऱ्यांनी प्रत्येक बागेचा निदान एक कोपरा पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत न कापता ठेवावा आणि त्यातली रुई, टाकळा तण समजून उपटू नयेत. आमच्या वसाहतीजवळच्या बागेत गेल्या श्रावणात अळ्यांसकट रुई उपटून कचऱ्यात टाकलेली मी पाहिली आहे. दुसरी विनंती बियाणे विक्रेत्यांना आहे. पाकिटे बाहेरून छापून येत असतील, तरी फुल एकेरी की भरगच्च आणि पेरणी आपल्याकडे केव्हा करावी, एवढे मराठीत लिहिलेली चिठ्ठी त्यांना सोबत देता येईल. पावसाचा पहिला जोर ओसरला की बागांमध्ये गवतकापणी सुरू होते, त्याआधी हे पत्र प्रसिद्ध झाल्यास बरे होईल.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर