डावीकडच्या सीटवरून

पुणे, रविवार रात्र

ती. अण्णा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगता आले असते. पण फोनवर आई मध्येच रडू लागते, अण्णा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात आणि माझे बोलणे घशातच राहते. म्हणून पत्र लिहीत आहे. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. येत्या एक तारखेपासून मी कोइमतूरला राहणार असून या हंगामात राष्ट्रीय रॅली स्पर्धांमध्ये नॅव्हिगेटर म्हणून गाडीत बसणार आहे. गेल्या वर्षी ‘ऑडिटला जाते’ असे सांगून मी दोनदा दक्षिणेत गेले होते. ती ऑडिटे नव्हती. अण्णांचे डोळे तपासायचे होते त्या दिवशी आई एकटीच त्यांना रिक्षाने घेऊन गेली आणि मी कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यांत वळणे लिहून घेत बसले होते. ते मनातून जात नाही.

नॅव्हिगेटर काय करतो, हे अण्णांना समजावून सांगायची गरज नाही, कारण ते काम मी प्रथम तुमच्याच गाडीत केले. तुळजापूरच्या घाटात, तुमच्या सीटशेजारच्या इंजिनाच्या बॉनेटवर घडी घालून टाकलेल्या चादरीवर बसून, ‘उजवं वळण, पुढं बैलगाडी’ असे मी ओरडायचे आणि तुम्हाला सगळे आधीच दिसत असूनही तुम्ही ‘हां मॅडम’ म्हणून गियर बदलायचात. ते नियमात बसणारे नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

रॅली ही गोल मैदानावरची शर्यत नव्हे. गाड्या एकेक करून सुटतात आणि रहदारीला बंद केलेल्या रस्त्याच्या टप्प्यांवर प्रत्येकीची लढत घड्याळाशी असते. दोन टप्प्यांमधला रस्ता मात्र चालू रहदारीचा असतो. तिथे सिग्नल पाळावा लागतो आणि नोंदणीच्या ठिकाणी नेमक्या मिनिटाला पोहोचावे लागते. जागतिक स्पर्धेत एक मिनिट उशीर झाला तर 10 सेकंदांचा दंड होतो आणि एक मिनिट लवकर पोहोचले तर अख्ख्या मिनिटाचा. अण्णा, लवकर येणाऱ्याला जास्त दंड, हे ऐकून तुम्ही नक्की हसाल. स्टँडवर वेळेआधी गाडी लावणाऱ्यांविषयी तुमचे मत मला ठाऊक आहे. स्पर्धेपूर्वी त्या टप्प्यांचा रस्ता आम्ही सावकाश फिरून पाहतो आणि माझी ड्रायव्हर सांगते तसे मी प्रत्येक वळण वहीत उतरवते: ‘लेफ्ट फोर, फिफ्टी, राइट थ्री टायटन्स, डोन्ट कट.’ म्हणजे डावे वळण, मग पन्नास मीटर सरळ, मग पुढे आवळत जाणारे उजवे वळण, आणि आतली कड कापायची नाही, कारण तिथे दगड आहे. चार, तीन हे आकडे वळण किती तीव्र आहे ते सांगतात. मी शिसपेन्सिलीनेच लिहिते, कारण घामाच्या बोटांनी शाई फिसकटते. गाडी उधळलेली असताना मान वर करून रस्ता पाहायचा मोह झाला की ओळ चुकते, आणि ओळ चुकली की ड्रायव्हर आंधळी होते.

तुमची लेक दुसऱ्याच्या गाडीत नुसती बसायला नोकरी सोडते, असे तुम्हाला वाटेल, म्हणून हे लिहिते. सेबास्टियन लोएब 2004 ते 2012 सलग नऊ वर्षे जगज्जेता झाला, आणि त्या नऊही वर्षी त्याच्या शेजारी डॅनियल एलेनाच होता. नॅव्हिगेटरांचे जगज्जेतेपद वेगळे दिले जाते, तेही एलेनाला नऊ वेळा मिळाले. मला मात्र त्यांच्यापेक्षा रिचर्ड बर्न्स आणि रॉबर्ट रीड ही जोडी जवळची वाटते. 2001 साली त्यांनी अख्ख्या हंगामात न्यूझीलंडची एकच रॅली जिंकली, तरी जगज्जेते तेच झाले, कारण इतर ठिकाणी त्यांनी गुण गोळा केले. याच्या उलट 1998 साली ब्रिटनच्या रॅलीत कार्लोस साइन्झला जगज्जेतेपदासाठी चौथा क्रमांक पुरेसा होता, तो चौथाच होता, आणि शेवटच्या टप्प्याची रेषा काहीशे मीटरवर असताना इंजिनाने जीव सोडला. जेतेपद टॉमी मॅकिनेनला गेले, जो पहिल्याच दिवशी रॅलीबाहेर पडला होता. साइन्झचा नॅव्हिगेटर लुईस मोया याने रागाने हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर घातले. आई, तू या माणसाला जेवायला बोलावले असतेस.

मिशेल मूतों या फ्रेंच बाईविषयी लिहावे की नाही, हे माझे ठरत नव्हते. तिनेही सुरुवात डावीकडे, म्हणजे त्यांच्याकडच्या उजवीकडे, नॅव्हिगेटर म्हणून केली. वडिलांनी तिला गाडी घेऊन दिली आणि स्वतःला सिद्ध करायला एक वर्ष दिले. 1981 साली सॅनरेमोची रॅली जिंकून ती जागतिक फेरी जिंकणारी पहिली स्त्री ड्रायव्हर ठरली. शेजारी फॅब्रिझिया पॉन्स होती. पुढच्या वर्षी तीन रॅली जिंकून ती जेतेपदाच्या दारात पोहोचली, आणि आयव्हरी कोस्टची रॅली सुरू होण्याआधी वडील गेल्याचे तिला कळले. आईच्या सांगण्यावरून ती धावली. गाडी उलटली, रॅली हातची गेली आणि जेतेपद वॉल्टर रोर्लला मिळाले. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण मी तशी नाही. तुम्हा दोघांपैकी कोणाला नुसता ताप आला तरी मी वही मिटून सोलापूरची गाडी पकडीन, आणि हे मी ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे.

धोका नाही, असे लिहिणार नाही. 1986 साली कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्याचा नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो अपघातात गेले. त्यानंतर त्या काळच्या राक्षसी ताकदीच्या गाड्या बंद करण्यात आल्या. आमची गाडी त्यांच्यापुढे अगदी साधी आहे. तिच्या आत पोलादी पाइपांचा पिंजरा असतो, जाड पट्टे असतात, मान धरून ठेवणारी चौकट असते. एकदा आमची गाडी कलंडली, आम्ही दोघी बाहेर आलो आणि मागून येणाऱ्यांना ‘ओके’ची पाटी दाखवून बांधावर बसलो. आई, दिवाळीत माझ्या दंडावर जो निळा डाग तू पाहिलास, तो कपाटाच्या दाराचा नव्हता.

माझी ड्रायव्हर कोइमतूरची मुलगी आहे आणि मी तिच्याच घराच्या वरच्या खोलीत राहणार आहे. मी तिथे गेले की तिची आई मला रोज गरम इडली वाढते आणि मी बारीक झाले म्हणून तुझ्यासारखीच कुरकुर करते. खोलीत गीझर आहे, दार आतून नीट लागते. तुमचे दरमहाचे पैसे पूर्वीसारखेच पाच तारखेला येतील. वर्षभराचे मी वेगळे काढून ठेवले आहेत, आणि दोघातिघांची हिशेबाची कामे संगणकावर चालूच राहतील. लग्नाचा विषय दिवाळीपर्यंत राहू दे, आई. गड्ड्याच्या यात्रेला मी घरी असेनच. नंदीध्वज पाहताना अण्णांच्या खांद्यावर बसायची, ती जागा आता भाच्याला दिली, एवढेच.

आता माझे ऐका. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उन्हाळा लागण्याआधी करून घ्यायची आहे. तारीख मी घेतली आहे, आदल्या दिवशी मी येते आणि आठवडाभर राहते. आई, रक्तदाबाची गोळी सकाळचीच, ‘काल विसरले म्हणून आज दोन’ असे चालणार नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी टाकी पाहायला कोणीही गच्चीवर चढू नये, खालच्या भाडेकऱ्यांच्या मुलाला मी सांगून ठेवले आहे. आणि अण्णा, शस्त्रक्रिया होईपर्यंत अंधार पडल्यावर होटगी रस्त्याला स्कूटर न्यायची नाही. एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही, हे मला माहीत आहे. पण समोरून येणाऱ्याचा दिवा तुम्हाला आता फुटलेला दिसतो, असे तुम्हीच आईला म्हणालात. स्कूटरची किल्ली आईकडे द्यावी.

तुमची,
ठकी

ता. क. रागावला असाल तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवा. चटणी थोडी जास्त पाठवा, कोइमतूरच्या काकूंना द्यायची आहे.