मावशी, डबा रिकामा आला नाही

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. दुपारची जेवणं उरकली की भांडी, भांडी झाली की संध्याकाळची कणीक. तेव्हा मेसमधल्या कुणीतरी पोराने हे मोठ्याने वाचून दाखवावं. चालू घडामोडी दहा मिनिटं थांबल्या तरी चालतील.

मी धायरीची, कोंबड्यांवाल्या आप्पांची सून. नवी पेठेत तुमच्याकडे यायला लागून मला जेमतेम दीड महिना झालाय, पण आभार राहिलेत ते दुसऱ्या शनिवारपासूनचे. तोंडावर मानायला गेलं की तुम्ही "बस गं, चहा घे" म्हणून विषयच संपवता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

आधीचं थोडं सांगते, कारण तुम्हालाही अर्धंच ठाऊक आहे. सासूबाई गेल्या आणि आम्ही आप्पांना वेल्ह्याकडच्या गावाहून पुण्यात आणलं. चार महिने ते खिडकीपाशी बसून होते. टीव्ही लावला तर टीव्हीकडे बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे. शेवटी फेब्रुवारीत ह्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत जाळी मारली, खुराडं केलं आणि पंधरा पिल्लं आणली. दोन मांजराने नेली. उरल्या बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. आप्पा खिडकीतून उठून मागच्या पायरीवर आले, एवढंच आम्हाला हवं होतं. अंड्यांचा विचार कुणी केला होता!

पिल्लू अंड्यावर यायला पाच-साडेपाच महिने लागतात. हा हिशोब आप्पांना पाठ होता, पण तो पंचांगाशी कुणी ताडून पाहिला नाही. पहिलं अंडं सापडलं दिव्यांच्या अवसेला. ते उकडून, दोऱ्याने कापून, आम्ही पाच जणांनी पाच फोडी करून खाल्लं. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत अंडं बंद. कोंबड्यांना कोण सांगणार? आधी दिवसाला तीन-चार, मग आठ-नऊ. एक अंडं पोटात तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यात आमच्या बाराही जणी तरुण. फ्रिजचं दार भरलं, मग भाजीचा कप्पा, मग आप्पांच्या खाटेखालचं डालगं. आप्पा प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालायचे. धुवायचे मात्र नाहीत, आणि मलाही धुऊ द्यायचे नाहीत. अंड्यावर जन्मतःच एक पातळ अस्तर असतं, ते पाण्याने गेलं की कवचाची हजारो बारीक छिद्रं उघडी पडतात आणि अंडं लवकर बिघडतं. आप्पांच्या भाषेत, "अंड्याचं झबलं काढायचं नाही."

काही त्यांनी चुन्याच्या निवळीत बुडवून बरणीत ठेवली. वीसेक मी फेटून, चिमूट मीठ घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली. (कवचासकट गोठवायची नसतात, हे फ्रीजर पुसून झाल्यावर कळलं.) तरी दोनशेच्या घरात अंडी शिल्लक होतीच.

वाटून टाकू म्हटलं. इथून पुढे मला माणसं कळायला लागली.

गल्लीतल्या एकीने विचारलं, चहाच्या पाण्यात रंगवलीत का हो? एकाला मागे कोंबडा दिसला आणि "मग यात पिल्लू असणार" म्हणत त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. अहो, कोंबडी बसल्याशिवाय, २१ दिवस ऊब मिळाल्याशिवाय कुठलं पिल्लू! किराणावाल्याने तीन रुपये भाव केला, तोही उपकार केल्यासारखा. बेकरीवाला म्हणाला, माप एकसारखं नाही. ते खरं होतं, पहिलटकरणींची अंडी लहानच असतात. त्याचा मला राग नाही, त्याने सरळ सांगितलं. एका संस्थेने मात्र आधी "जरूर या" म्हटलं, मग पत्र मागितलं, पत्र घेऊन गेले तर म्हणे श्रावणात अंडी कशी घेणार? हे फोनवर सांगता आलं नसतं का? रिक्षाने नेलेली साठ अंडी मांडीवर धरून रिक्षानेच परत आणली.

गंमत बघा, अंड्यांच्या धंद्यात पुण्याचं नाव देशभर आहे. व्यंकटेश्वरा हॅचरीज या पोल्ट्री कंपनीचं मुख्यालय इथलं. तिचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांनी १९८२ साली पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांना एकत्र बांधून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली, कारण व्यापारी पडेल भावात अंडी उचलत होते. तेव्हापासून अंड्याचा भाव रोज जाहीर होतो. अशा गावात मला दोनशे अंडी फुकट देता येत नव्हती.

आणि मग ती बादली. तुम्हाला हे मी सांगितलेलं नाही.

आमच्या समोरच्या घरात मी सहा अंडी दिली होती. बाई फार गोड बोलल्या. "अय्या, गावरान! आमच्याकडे श्रावण संपला की पहिलं ऑम्लेट याचंच." तिसऱ्या दिवशी सकाळी कचरावाल्या ताई गेटाशी थांबल्या आणि त्यांनी आप्पांना हाक मारली, "आप्पा, ही तुमचीच ना हो अंडी? तारीख घातलीय." ओल्या कचऱ्याच्या बादलीत कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा आणि त्यावर सहाच्या सहा अंडी. एकही फुटलेलं नाही. त्या ताईंनी ती हलक्या हाताने वर काढून, कागदावर ठेवून दिली होती.

नको होती तर नको म्हणायचं. दारात उभ्या माणसाला "आमच्याकडे नको" म्हणायला काय पैसे पडतात? मी रागावले नसते. पण हसून घ्यायचं आणि पाठ फिरली की बादलीत टाकायचं, ही रीत मला अजून पचलेली नाही. समोरच्या बाई हे वाचतीलच. वाचा.

आप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी पेन्सिल खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कोंबड्या देऊन टाका कुणाला तरी." दुसऱ्या दिवसापासून परत खिडकी.

तुमचा पत्ता दिला आमच्या पेपरवाल्याच्या मुलाने. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी करतो, तुमच्याकडे जेवतो. पेपरचं बिल न्यायला आला होता, डालगं बघून म्हणाला, "काकू, आमच्या मावशींना विचारू का?" मी म्हटलं, श्रावणात? तर हसला.

तुमच्या दारात आले तेव्हा पहिल्यांदा तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि मी मनात म्हटलं, संपलं, ही पण फेरी फुकट. अंड्यांचा डबा मी पदराआड धरला होता, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "लपवतेस काय? माळ माझ्या गळ्यात आहे, पोरांच्या ताटात नाही." तुमच्या त्या आतल्या वेगळ्या शेगडीवरचा, वेगळ्या कढईतला रस्सा तुम्ही चाखत नाही. वाढताना पहिल्या घासाला पोराच्या तोंडाकडे बघता आणि मीठ कमी की जास्त ते ओळखता. मी तीनदा पाहिलंय. तीनही वेळा तुमचं बरोबर होतं. ज्यांचा श्रावण असतो त्या चार-सहा पोरांना तुम्ही मटकीची उसळ वेगळी ठेवता, तेही न विचारता.

त्या दिवशी तुम्ही अंडी पातेल्यातल्या पाण्यात सोडलीत. दोन तरंगली. ती गुपचूप उचलून बाजूला ठेवलीत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि ते झाकायला मी शहाणपणा केला, "बाकीची एकदम ताजी आहेत हो, उकडा ना!" तुम्ही आजचीच चार उकडलीत. सोलायला घेतली तर सालीबरोबर पांढरं निघून आलं, उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. तुम्ही म्हणालात, "ताजं अंडं सोलत नाही गं. उकडायला आठ दिवसांचं, भुर्जीला आजचं." आणि मग एक अंडं उजेडात धरून विचारलंत, "ही तारीख कोण घालतं?"

सासरे, म्हटलं.

"त्यांना सांग, बंद करू नका. मला त्यावरूनच लावता येतील."

हे मी घरी येऊन सांगितलं. आप्पा "हं" म्हणाले. पण रात्री टेबलावर पेन्सिल नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. तुम्ही त्याच दिवशी एका अंड्यावरून अंगठा फिरवत होतात. साल पातळ होती, जरा खरखरीत. "शिंपल्या घालता का कोंबड्यांना?" मी म्हटलं नाही. विषय तिथेच संपला. गिऱ्हाईक उभं होतं, कुकरची शिट्टी झाली, मी पैसे घेऊन निघाले. (दुकानाच्या भावाने पैसे दिलेत, माझं काही न ऐकता. त्याचे आभार मी मानत नाही, तुम्ही रागवाल.)

पुढच्या शनिवारी डबा परत आला. आप्पा अंडी पाठवतात ती त्यांच्याच पद्धतीने, स्टीलच्या मोठ्या डब्यात, तांदळाच्या कोंड्यात खोचून. सिंहगड रोडच्या खड्ड्यांवर त्यांचा विश्वास नाही. डबा मी ओट्यावर ठेवला, उघडलाही नाही. रिकामा असणार म्हणून आप्पाच धुवायला घेत होते. झाकण काढलं तर आत कोंडा होता, चाळलेला, एक काडी नाही त्यात. वर दोन पिशव्या. एकीत दोन-अडीच किलो कण्या. दुसरीत पांढरट भुगा.

आप्पांनी चिमूटभर भुगा घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"भाजून घेतलंय," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आम्ही दिलेल्याच अंड्यांची टरफलं. आठवडाभर तुम्ही साठवलीत, धुतलीत, तव्यावर भाजलीत आणि खलबत्त्यात कुटलीत. टरफल म्हणजे जवळजवळ नुसतं कॅल्शियम कार्बोनेट. ते कोंबडीला परत घातलं की पुढच्या अंड्याची साल घट्ट येते. पण तसंच टाकलं तर कोंबडीला चव आणि ओळख पटते, आणि ती स्वतःचीच अंडी फोडून खायला शिकते. म्हणून भाजायचं आणि ओळख राहणार नाही इतकं बारीक करायचं.

"ही बाई कोंबड्यांच्या घरातली आहे," आप्पा म्हणाले. "कुठल्या गावची?"

मावशी, सासूबाई गेल्यापासून आप्पांनी कुणाहीबद्दल काहीही विचारलेलं नव्हतं. मला सांगता आलं नाही, कारण मीच तुम्हाला कधी विचारलं नव्हतं. मूठभर भुगा घेऊन ते अनवाणी मागच्या दारी गेले आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले. कुकर लावायचा राहिला.

भरला डबा आला तर रिकामा परत करू नये, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. साखर घालतात, चार बेसनाचे लाडू घालतात. तुम्ही आधी कोंबड्यांचा विचार केलात. चाळीस पोरांचं दोन वेळचं रांधणारी बाई, जिला दुपारी पाठ टेकायला मिळत नाही, ती कुणाच्या तरी धायरीतल्या बारा कोंबड्यांसाठी खलबत्ता घेऊन बसते. असं करणारी माणसं मोजकी का होईना, असतात, आणि ती सहसा मागच्या खोलीत असतात. त्या कचरावाल्या ताई तशाच. तुमच्याकडचं ते पोरगंही तसंच, स्वतःच्या परीक्षेचं ओझं डोक्यावर असताना त्याला आमचं डालगं दिसलं. मी रोज बँकेत बसते, दिवसाला शंभर माणसं बघते, काचेपलीकडून सगळी "थँक यू मॅडम" म्हणतात. त्यातला एकही शब्द घरापर्यंत येत नाही. तुमचा भुगा आला.

गणपती उठले, आमच्या घरात आता अंडं चालतं. तरी शनिवारचा डबा बंद नाही. आप्पा म्हणतात, आधी मेसची, मग घरची. सालीही आता घट्ट येतात, तुम्ही पाहिलंच असेल. ती लालसर कोंबडी खुडूक झालीय, सोमवारपासून अकरा अंड्यांवर बसलीय, कुणी जवळ गेलं की फुगून चोच मारते. समोरच्या बाईंनी परवा गेटाशी विचारलं, "अंडी विकता का हो आता?" मी म्हटलं, नाही.

हो, गाव कुठलं ते सांगा. आप्पा दर शनिवारी विचारतात आणि मी दर शनिवारी विसरते.

या खेपेला चोपन्न आहेत. डब्यात तळाला ठेवलेली वीस मागच्या आठवड्याची, ती उकडायला घ्या. वरची भुर्जीला. कोंडा चाळू नका, आप्पांनीच चाळलाय.

तुमची,
धायरीची सून