चुनखडीच्या प्रदेशातील खोल विहिरी

महोदय,

विंधन विहीर जितकी खोल, तितके तिचे पाणी खात्रीचे, ही समजूत चुनखडीच्या प्रदेशात महागात पडते. वाळूच्या थरातून जाणारे पाणी कणाकणांमधून गाळले जाते. चुनखडकात मात्र ते मुख्यतः भेगांमधून वाहते. मातीतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी खडक विरघळवत या भेगा रुंद करते आणि कालांतराने त्यांची भुयारे होतात. त्यामुळे एका विहिरीला मुबलक पाणी लागते, तर हाकेच्या अंतरावरची दुसरी तिच्याहून खोल नेऊनही कोरडी ठणठणीत निघते. खोलीबरोबर रुंद भेगा सहसा कमी होत जातात, हे खोदाईची मीटरवर आकारणी करणारा सांगेलच असे नाही.

या भेगांतून पाणी किती झपाट्याने फिरते, याचा एक मजेशीर दाखला आहे. ऑगस्ट 1901 मध्ये फ्रान्समधील पोंतार्लिए येथे वीज पडून मद्याच्या कारखान्याला आग लागली. तेथून दू नदीत गेलेल्या अ‍ॅब्सिंथ या मद्याचा वास दोनच दिवसांत चुनखडीच्या पठारापलीकडे, लू नदीच्या उगमाशी येऊ लागला. जी वाट मद्याला सापडली, ती सांडपाण्यालाही सापडते. कॅनडातील वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर शेणखतातील जिवाणू भेगाळलेल्या खडकातील उथळ विहिरीत उतरले. क्लोरिनेशन आणि तपासणीतील हलगर्जीची त्यात भर पडली. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. त्या विहिरीचे केसिंग, म्हणजे वरच्या भागात आत बसवलेली बंद नळी, जेमतेम पाच मीटर होते.

म्हणून खोदाईचा परवाना देताना एकूण खोलीपेक्षा केसिंगची खोली पाहावी. केसिंग वरचा भेगाळ थर ओलांडून घट्ट खडकात रुतलेले असावे आणि त्याभोवतीची पोकळी सिमेंटने भरलेली असावी. जमीन खचून झालेल्या खड्ड्यांत कचरा, मेलेली जनावरे टाकण्यास सक्त मनाई हवी, कारण तो खड्डा म्हणजे थेट विहिरीकडे जाणारे नळकांडेच. भांड्यांवरच्या पांढऱ्या पुटाची तक्रार सगळेच करतात, पण ते पूट निरुपद्रवी असते. जोराच्या पावसानंतर नळाला येणारे गढूळ पाणी हे मात्र वरचे पाणी न गाळता आत शिरत असल्याचे लक्षण आहे. पाण्याचे नमुने नेमके तेव्हा घेतले जावेत, कोरड्या दिवसांत सोयीने नव्हे.

आपला,
एक वाचक