काका, माझा अर्ज लिहून दिला नाहीत, त्याबद्दल

आदरणीय काकांना सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहिलं तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. ग्वाल्हेरच्या कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज टाइप करून देणारे काका, एवढं पुरे. माझ्याकडून तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि तोंडावर आभार मानले तर विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

पहिल्या दिवशी मी आले ती रडवेली होऊन. पदराच्या गाठीत दोनशे रुपये होते. वीस मिनिटं मी बोलत होते, तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. मग टाइपरायटर बाजूला सारून एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवलात. म्हणालात, "आत्ता जे सांगितलंत तेच लिहा. मराठीत लिहा, घरी सांगता तसं. हिंदी मी करून देतो, पण बोलणं तुमचं पाहिजे." काका, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. मी दहावी झालेली, शिवणकाम करणारी बाई. गेल्या कित्येक वर्षांत मापांच्या वहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. लिहिणं तुमचं काम, त्याचेच तर पैसे घेता, असंच मनात आलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात आहे. शिंद्यांच्या सरदारांचे गोट जिथे पडले त्या वस्त्यांना इथे अजून गोठ म्हणतात, तशा एका जुन्या गोठीतल्या अरुंद गल्लीत. गेल्या पावसाळ्यापासून गल्लीच्या तोंडाशी सीवरचं चेंबर भरून वाहायला लागलं. नळाची लाइन त्याच्याच शेजारून जाते. पाणी आलं की पहिल्या तीन-चार बादल्या ओतूनच द्याव्या लागत, इतका वास. शेजारच्या दोन्ही मुलांना कावीळ झाली. हेल्पलाइनवर तीनदा तक्रार केली आणि तिन्ही वेळा मोबाइलवर संदेश आला की निराकरण झालं. चेंबर वाहतच होतं. मग एक दिवस ठेकेदाराचा माणूस गल्ली मोजायला आला, तेव्हा कळलं की घरोघरचे नळ बंद करून कोपऱ्यावर एक टाकी बसवायची ठरली आहे. कोणी ठरवलं? आम्हाला कोणी विचारलं नाही. ज्या घरात ऐंशी वर्षांची आजी एकटी राहते तिने कोपऱ्यावरून बादली कशी आणायची, याचा विचार कोणी केला नाही. घाणीपेक्षा हे मला जास्त लागलं होतं, पण ते सांगायला शब्द नव्हते.

ते शब्द तुम्ही माझ्याच तोंडून बाहेर काढलेत. माझ्या पहिल्या कागदावर "असह्य", "अमानुष", "हात जोडून विनंती" असं बरंच होतं. ते सगळं तुम्ही मलाच खोडायला लावलंत. त्याजागी तारखा लिहायला सांगितल्यात. कोणत्या दिवशी किती वाजता पाणी आलं, किती बादल्या ओतल्या, डॉक्टरांची चिठ्ठी कधीची. आठ दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहून ठेवलं. आणि दुसरी गोष्ट सांगितलीत, जी मी आजही घोकते: तक्रारीचा कागद वेगळा आणि मागणीचा वेगळा. "काय बिघडलंय ते पहिल्यावर. तुम्हा लोकांना काय हवंय ते दुसऱ्यावर. दुसरा कागद दिला नाहीत, तर तो ते लोक भरतील."

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज. 2005 चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. एवढं मीही ऐकून होते. काय मागायचं ते मात्र ठाऊक नव्हतं. मी लिहिलं होतं, "चेंबर दुरुस्त का केलं नाही?" तुम्ही म्हणालात, "का विचारू नका, कागद मागा. वर्क ऑर्डर, बिल आणि एमबी." एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, केलेल्या कामाची मापं ज्यात चढवतात ती वही. मला तिचं महत्त्व कळेना, तेव्हा तुम्ही तिघऱ्याच्या धरणाची गोष्ट सांगितलीत. ज्या तिघऱ्याचं पाणी आपण पितो, ते धरण 1916 मध्ये बांधलं आणि पुढच्याच वर्षी फुटलं. पाणी पायाखालच्या दगडातून झिरपत गेलं होतं. वरून भिंत पाहणाऱ्याला ते दिसलं नसतं. "बिल म्हणजे भिंत," तुम्ही म्हणालात, "पाया एमबीत असतो."

खिडकीवरच्या साहेबांनी विचारलंच, "तुम्हाला हे कशाला हवंय?" माझे पाय लटपटत होते, पण तुम्ही पाठ करून घेतलेलं तोंडातून निघालं: कलम 6 प्रमाणे अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारून पोच दिली. ती पोच अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा कुठे फाइल बघायला बोलावलं. आमच्या गल्लीतलं काम पूर्ण झाल्याचं बिल तिथे होतं. एमबीत मापंही होती, पण जितके मीटर लाइन बदलली म्हणून लिहिलं होतं, तितकी आमची गल्लीच लांब नाही. मी शिवणाची टेप घेऊन गल्ली मोजली होती, काका. तुम्हीच सांगितलं होतंत.

त्या संध्याकाळी मी खचून तुमच्याकडे आले. आता पुढे कोण विचारणार, असं म्हणाले. तुम्ही खणातून रतलामच्या निकालाची झेरॉक्स काढलीत. आपल्याच मध्य प्रदेशातलं रतलाम, तिथल्या एका वॉर्डातली साधी माणसं. उघडी गटारं आणि घाण यांना कंटाळून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली ती दंडाधिकाऱ्यांकडे गेली. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला आपलं कर्तव्य टाळता येणार नाही. ते कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 152 झालं आहे, हे तुम्ही पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं होतंत. ती झेरॉक्स मी गल्लीत वाचून दाखवली. हिंदीतून मराठीत, अडखळत. रतलाम ऐकून सगळे सरसावून बसले. दिल्ली-मुंबई असती तर बसले नसते.

दुसरा कागद आम्ही गणपतीच्या मंडपाच्या जागेवर बसून लिहिला. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असं 74 व्या घटनादुरुस्तीनं घटनेत आलं आहे, हे तुम्ही सांगितलं होतं. मी ते सांगितलं, तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बोलायचं असं लिहिलेलंच आहे." त्या रात्री भांडणंही झाली. दोन घरांना टाकी हवी होती. त्यांचं म्हणणंही कागदावर घेतलं. शेवटी ठरलं: टाकी नको, नळाची लाइन चेंबरपासून दूर, गल्लीच्या दुसऱ्या कडेनं घ्या. खाली सत्तावीस सह्या आणि चार अंगठे.

मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तिथे, दोन्ही कागद दिले. रतलामची झेरॉक्सही जोडली. टाकी रद्द झाली. अर्ध्या गल्लीची लाइन दुसऱ्या कडेनं गेली आणि आमच्याकडे पहिल्या बादलीपासून पाणी स्वच्छ येतं. उरलेल्या अर्ध्या गल्लीचं काम थांबलं आहे. बिलातल्या मापांबद्दल कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या अपिलाचा कागद मी परवा लिहिला. या वेळी सरळ हिंदीत. तुम्ही दोनच शब्द बदललेत, तेव्हा मी घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

एक काम आहे. मागच्या गल्लीतल्या दोन बायका माझ्याकडे आल्या होत्या, तिकडे सहा महिन्यांपासून दिवे नाहीत. त्यांना सोमवारी तुमच्याकडे पाठवते आहे. पैसे घेऊन येतील, लिहून द्या म्हणतील. त्यांनाही लिहून देऊ नका.

तुमची,
गल्लीतली शिवणवाली